भगवानलाल इंद्रजी

पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९ – १६ मार्च १८८८) हे भारतीय पुराभिलेखतज्ज्ञ, नाणकशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्व-अभ्यासक होते. पश्चिम भारतातील लेण्यांमधील शिलालेखांचे वाचन, प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा, सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवरून त्या राजवंशाची कालानुक्रमणा ठरविणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत. त्यांचा जन्म सौराष्ट्रात झाला, परंतु त्यांचे बहुतेक संशोधन मुंबईत राहून झाले आणि त्याचा मोठा भाग ठाणे, नाशिक व पुणे या जिल्ह्यांतील अवशेषांशी निगडित आहे.

प्रारंभिक जीवन

भगवानलाल यांचा जन्म जुनागढ येथे नागर ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे शिक्षण पारंपरिक पद्धतीने, संस्कृत भाषेच्या आधारे झाले. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी एकाच शिळेवर सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त या तिघांच्या काळातील लेख कोरलेले आहेत. जेम्स प्रिन्सेप यांनी तयार केलेल्या ब्राह्मी वर्णांच्या तक्त्याच्या साहाय्याने भगवानलाल यांनी तरुण वयातच हे लेख वाचण्याचा प्रयत्न सुरू केला. सौराष्ट्र हा क्षत्रपांच्या सत्तेचा प्रदेश असल्याने त्यांची लहान चांदीची नाणी तेथे विपुल सापडत. लिपी आणि नाणी या त्यांच्या अभ्यासाच्या दोन्ही अंगांची सामग्री अशा रीतीने त्यांच्या जन्मगावाच्या परिसरातच उपलब्ध होती.

भाऊ दाजी लाड यांच्याकडील कार्य

अलेक्झांडर किनलॉक फोर्ब्स यांच्यामार्फत भगवानलाल यांची माहिती मुंबईतील प्रसिद्ध वैद्य व प्राच्यविद्या-अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड यांना मिळाली. १८६० च्या दशकाच्या आरंभी भगवानलाल मुंबईस आले आणि १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन होईपर्यंत त्यांच्यासाठी काम करीत राहिले. या काळात त्यांनी अजिंठा, भितरी, जैसलमेर, मथुरा आदी ठिकाणी जाऊन शिलालेखांच्या प्रती घेतल्या आणि नाणी व हस्तलिखिते जमविली. भाऊ दाजींचे निधन झाले तेव्हा ते नेपाळमध्ये होते.

या वर्षांत झालेले संशोधन मुख्यतः भाऊ दाजींच्या नावाने विद्वत्सभांपुढे आले. त्यामुळे त्यातील भगवानलाल यांचा वाटा नेमका वेगळा काढणे कठीण आहे. भाऊ दाजींच्या निधनानंतर त्यांचे लेखन त्यांच्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. ते गुजरातीत लिहीत. जर्मन पंडित ग्योर्ग ब्यूलर यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांचे निबंध इंग्रजीत येत असत.

अंकचिन्हांचा उलगडा

पुणे व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात दानांच्या संख्या अंकांत दिलेल्या आहेत. प्राचीन अंकांविषयीचा भगवानलाल यांचा निबंध १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या लेखनपद्धतीत शून्य व स्थानमूल्य नव्हते. एकक, दशक आणि शतक यांसाठी स्वतंत्र चिन्हे होती व ती एकापुढे एक मांडून संख्या लिहिली जाई. उदाहरणार्थ, १५३ ही संख्या शंभर, पन्नास आणि तीन अशा तीन चिन्हांनी दर्शविली जाई. नाण्यांवरील वर्षे वाचण्यासाठी हे ज्ञान आवश्यक होते.

क्षत्रप नाण्यांचा अभ्यास

पश्चिमी क्षत्रपांचे चांदीचे नाणे सुमारे दीड सेंटिमीटर व्यासाचे आणि साधारण दोन ग्रॅम वजनाचे असते. दर्शनी बाजूवर राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक अक्षरांचे अवशेष असतात. मागील बाजूवर तीन कमानींचा पर्वत, चंद्रकोर व तारका आणि त्यांभोवती ब्राह्मी लेख असतो. या लेखात राजाच्या नावाबरोबर त्याच्या पित्याचे नाव आणि दोघांच्या पदव्या येतात. क्षत्रप ही कनिष्ठ आणि महाक्षत्रप ही श्रेष्ठ पदवी होती. पुढील काळातील नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे शक वर्ष अंकांत दिलेले आढळते.

पित्याचे नाव, पदवी आणि वर्ष या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कोण कोणाचा पुत्र, कोणाचा भाऊ राज्यावर आला आणि कोण कोणत्या वर्षी क्षत्रपाचा महाक्षत्रप झाला, हे ठरविता येते. ज्या राजांविषयी ग्रंथांत माहिती जवळजवळ नाही, त्यांची सुमारे तीन शतकांची वंशावळ अशा प्रकारे मुख्यतः नाण्यांवरून उभी राहिली. प्रिन्सेप, न्यायमूर्ती न्यूटन आणि भाऊ दाजी यांनी या विषयाचा पाया घातला होता. भगवानलाल यांनी अधिक नाणी जमवून आणि वर्षांचे वाचन सुधारून ही अनुक्रमणा पक्की केली. चांदीबरोबरच त्यांनी शिशाची व पोटीन या मिश्रधातूची क्षुल्लक मोलाची नाणीही अभ्यासली.

ही नाणी रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळाला समकालीन आहेत. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन व त्याचे वारस कांस्याची लहान नाणी प्रचंड संख्येने पाडीत होते. त्या नाण्यांवर टांकसाळीची खूण असते, परंतु सहसा वर्ष नसते. क्षत्रपांच्या नाण्यांवर मात्र वर्ष असल्याने एकेक झिजलेले नाणेही कालगणनेचा पुरावा ठरते. कडेचा भाग ठशाबाहेर राहिल्याने लेखातील स्वरचिन्हे अनेकदा उमटत नाहीत. म्हणून एकाच राजाची अनेक नाणी ताडून पाहावी लागतात. संग्रहातील सामान्य व पुनरावृत्त नाण्यांचे महत्त्व या कारणाने मोठे असते.

सोपारा व उत्तर कोकण

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचे गॅझेटियर तयार होत असताना भगवानलाल यांनी ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या प्राचीन इतिहासासाठी साहाय्य केले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यात सोपारा व कल्याण ही प्राचीन बंदरे आणि आजच्या भिवंडी तालुक्यातील लोनाड येथील लेणी यांचा समावेश होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक सागरी प्रवासवर्णनात सोपारा व कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखात सोपाऱ्यातील दानांची नोंद आहे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या एका लेखात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या कार्षापणांच्या ठेवी आणि ३५ कार्षापणांना एक सुवर्ण हा विनिमयदर दिलेला आहे.

एप्रिल १८८२ मध्ये भगवानलाल व कॅम्पबेल यांनी सोपाऱ्याजवळील बुरुड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले. तो विटांचा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे तुकडे व बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. या ठेव्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणेही होते. क्षत्रपांच्या नाण्यांप्रमाणे त्यावर राजाचे मस्तक आहे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे.

नाण्यावरून स्तूपातील ठेवा दुसऱ्या शतकाच्या आसपास नेता येतो. कांस्यमूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात, म्हणून स्तूप मध्यंतरी उघडला गेला असावा असे अभ्यासकांचे मत आहे. त्याच वर्षी सोपारा येथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही भगवानलाल यांना मिळाला.

सन्मान व निधन

ओडिशातील हाथीगुंफा लेखातील खारवेल या राजाचे नाव त्यांनी प्रथम योग्य रीतीने वाचले. हा निबंध १८८३ च्या लायडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी होता. पुढे लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मृत्युपत्रानुसार त्यांची नाणी आणि १८६९ मध्ये मथुरेत मिळालेले, खरोष्ठी लेख असलेले सिंहस्तंभशीर्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेले. क्षत्रपांवरील त्यांचे अपुरे लेखन एडवर्ड रॅप्सन यांनी संपादित करून १८९० मध्ये प्रसिद्ध केले. १९०८ मध्ये प्रकाशित झालेल्या रॅप्सन यांच्या सातवाहन व क्षत्रप नाण्यांच्या सूचीस या संग्रहाचा मोठा आधार आहे. भारतात जमविलेली ही सामग्री त्यामुळे देशाबाहेर राहिली, परंतु तिची सूची उपलब्ध झाल्याने जगभरच्या अभ्यासकांना तिचा उपयोग करता आला.

भगवानलाल यांच्या निधनानंतर, १९०६ मध्ये, नाशिकजवळ जोगळटेंभी येथे क्षहरात राजा नहपान याच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केल्याचे नाशिकच्या शिलालेखातील विधान या नाण्यांनी स्वतंत्रपणे सिद्ध झाले. लेख आणि नाणी एकमेकांशी ताडून पाहण्याची भगवानलाल यांची पद्धत पुढील संशोधनातही उपयुक्त ठरल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.