डहाणूचे कापरेकर सर आणि क्वांटम कॉम्प्युटरचं गणित

चांदीपकडची मंडळी विरारला जाऊन डहाणू लोकल पकडतात ना, त्याच डहाणूत १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, म्हणून आकडेमोड घरातच होती. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर राहिले. मोठी डिग्री नाही, संशोधन संस्था नाही. आकड्यांचे पोरखेळ म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केलं.

६१७४ ची जादू

मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा: ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार! चारही अंक सारखे नसले, तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत इथेच पोचते. हा आहे कापरेकर स्थिरांक.

दोन अंकी संख्येत मात्र गाडी थांबत नाही, गोल फिरते: ८१, ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१. दर ५ पायऱ्यांनी तेच चक्र.

कुलूप कसं तुटतं?

१९७७ मध्ये आलेलं आरएसए हे डिजिटल कुलूप एका साध्या गोष्टीवर उभं आहे: दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण उत्तरावरून त्या दोन संख्या शोधणं महाकठीण. आज यासाठी ६१७ अंकी संख्या वापरतात.

आपण छोटं कुलूप घेऊ: १५. आता ७ ने गुणत जा आणि दरवेळी १५ ने भागून फक्त बाकी ठेवा: ७, ४, १३, १, परत ७. इथेही चक्र! लांबी ४. तिचं निम्मं २. म्हणून ७ चा वर्ग घ्या, ४९. त्याच्या शेजारी ४८ आणि ५०. ४८ आणि १५ चा मसावि ३, ५० आणि १५ चा मसावि ५. झालं, १५ = ३ × ५!

मोठ्या संख्येचं चक्र इतकं लांब असतं की साधा कॉम्प्युटर दमतो. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की क्वांटम कॉम्प्युटर ही लांबी झटपट काढू शकतो. त्यात सगळ्या पायऱ्या लाटांसारख्या एकमेकींत मिसळतात. चुकीच्या लांबीच्या लाटा पुसल्या जातात, बरोबर लांबी उठून दिसते. अर्थात, ६१७ अंकी कुलूप तोडण्याएवढी मोठी आणि बिनचूक मशीन अजून बनलेली नाही.

कापरेकरांनी क्वांटमवर काम केलं नाही. पण एकच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर संख्या कुठे पोचते, हाच त्यांचा प्रश्न होता. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे जगाने त्यांची दखल घेतली. १९८६ मध्ये ते गेले.

तीन अंकी संख्येवर हीच क्रिया करून बघा. कुठे थांबते ते तुम्हीच शोधा!