कणा मोडलेल्यांचे डॉक्टर : लुडविग गुटमन

पाय मोडला तर माणूस चारचौघांत सांगतो. कणा मोडल्यावर जे खरे हाल सुरू होतात, त्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. आमच्या घरी पाहुण्यांसमोर 'परसाकडे' हा शब्दही हळू आवाजातच येतो. या न बोलायच्या गोष्टीला डॉ. गुटमन यांनी वैद्यकशास्त्रात मानाची जागा दिली, म्हणून मला त्यांचे चरित्र मोठे वाटते.

त्यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तेव्हाच्या जर्मनीत, आजच्या पोलंडमधील टोस्ट गावी, ज्यू कुटुंबात झाला. १९१७ साली ते एका इस्पितळात सेवक म्हणून काम करीत होते. तेथे पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आणला गेला. हा आता थोड्या दिवसांचा सोबती, असे सर्वांनी ठरवूनच टाकले. पाच आठवड्यांत तो गेला. पुढे गुटमन नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ झाले. पण १९३३ मध्ये नाझींनी त्यांची नोकरी काढून घेतली. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा दाराशी येईल त्याला दाखल करून घेण्याचा हुकूम त्यांनी आपल्या इस्पितळात दिला. दुसऱ्या दिवशी नाझी अधिकाऱ्यांपुढे एकेकाचा रोग सांगत त्यांनी साठ जणांना वाचविले. हे धाडस साधे नव्हे! १९३९ मध्ये ते बायकामुलांसह इंग्लंडला गेले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे जखमी सैनिकांसाठी त्यांचा विभाग सुरू झाला. मज्जारज्जू तुटला की मेंदूचा निरोप खाली पोहोचत नाही. शौचाची जाणीव राहत नाही, ताबाही राहत नाही; आतडी मंदावतात. मूत्राशयात लघवी तुंबते आणि तीत जंतू वाढतात. पडून पडून पाठीला जखमा होतात. असे रुग्ण मरत ते बहुधा या जखमांनी आणि लघवीच्या जंतुदोषाने. गुटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा नियम केला. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला ते अपरात्रीही फिरत. लघवीची नळी घालण्याचे काम इतरांवर न टाकता डॉक्टरांनीच निर्जंतुक रीतीने करावे, असा त्यांचा आग्रह होता. रोज ठरल्या वेळी पोट साफ करण्याची सवय आतड्यांना लावणे, हाही उपचाराचाच भाग. कपडे खराब होण्याची धास्ती असलेला माणूस नोकरीवर कसा जाणार? आणि गुटमन यांना तर त्याला कामावरच पाठवायचे होते.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवरील सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तिच्यातूनच १९६० ची रोमची स्पर्धा आणि पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, ते याच स्पर्धांत.

१८ मार्च १९८० रोजी गुटमन वारले. आता अंगावर बांधायच्या पट्ट्यातून त्वचेवाटे सौम्य वीजप्रवाह देऊन मंदावलेली आतडी हलती करता येतील का, याचे प्रयोग चालू आहेत. ठरल्या वेळेचा नेम मात्र अजून कोणी मोडीत काढलेला नाही.