रेड लॉजची दीपशिखा : मेरी कार्पेंटर

ब्रिस्टलला आलेला भारतीय माणूस आर्नोस व्हेल स्मशानभूमीतील राजा राममोहन रॉय यांच्या छत्रीपाशी नतमस्तक होतो. त्याच भूमीत मेरी कार्पेंटर यांचीही समाधी आहे. तिच्यापाशी मात्र क्वचितच कोणी थांबतो. वास्तविक, अपराधी मुलाला तुरुंगाऐवजी शाळा मिळावी हा विचार कायद्यात आणण्यात या बाईंचा वाटा मोठा होता.

१८०७ साली एक्झेटर येथे जन्मलेल्या मेरी धर्मोपदेशक वडिलांसमवेत बालपणीच ब्रिस्टलला आल्या. १८३३ मध्ये राममोहन रॉय यांचा सहवास त्यांना लाभला. त्याच वर्षी राजांचे ब्रिस्टलमध्ये निधन झाले. भारताविषयीची ओढ तेव्हापासूनची.

त्या काळी सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर खटला भरता येई, आणि पाव चोरणारे पोर सराईत गुन्हेगारांच्या सोबतीने तुरुंगात पडे. १८४६ मध्ये मेरी यांनी लुइन्स मीड या दरिद्री वस्तीत अनाथ व भटक्या मुलांसाठी मोफत शाळा काढली. तेथे त्यांना उमगले की, मुलाचा अपराध हा बहुधा मोठ्यांच्या उपेक्षेचा परिणाम असतो. १८५१ साली सुधारशाळांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८५२ मध्ये किंग्जवूड येथे सुधारशाळा उभी राहिली, तर १८५४ मध्ये लेडी बायरन यांच्या साहाय्याने रेड लॉज येथे केवळ मुलींसाठी.

१८५४ मध्येच संसदेने कायदा केला आणि सोळा वर्षांखालील अपराध्यांना सुधारशाळेत पाठविण्याचा अधिकार न्यायाधीशांना मिळाला. तथापि त्यात एक मेख होती : शाळेपूर्वी किमान चौदा दिवसांचा तुरुंगवास सक्तीचा ठरला. आधी कलंक लावायचा व मग तो पुसू पाहायचा, हा विरोधाभास मेरी यांना अमान्य होता. त्यांनी अखेरपर्यंत त्याला विरोध केला. ती सक्ती मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १८९९ साली उठली.

१८६६ पासून त्या चार वेळा भारतात आल्या. मुंबईसह अनेक नगरांत त्यांनी शाळा व तुरुंग पाहिले. स्त्रीशिक्षिकांच्या प्रशिक्षणासाठी आणि मुलांच्या स्वतंत्र सुधारशाळांसाठी सरकारदरबारी आग्रह धरला. १८७६ मध्ये भारतातही सुधारशाळांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १४ जून १८७७ रोजी, ब्रिस्टलमध्ये त्यांची प्राणज्योत मालवली.

पुढे मुंबई प्रांताने १९२४ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा केला. आज महाराष्ट्रात अशा मुलाला गुन्हेगार न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. तरीही २०१५ च्या कायद्याने घृण अपराधांत सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट ठेवली आहे. इंग्लंडमध्ये तर दहा वर्षांचे मूलही आरोपी ठरू शकते. शिक्षा आधी की शिक्षण, हा मेरी यांचा प्रश्न दोन्ही देशांत अद्याप मिटलेला नाही. पार्क रो वरील रेड लॉज आज संग्रहालय आहे. आर्नोस व्हेलला जाल तेव्हा छत्रीपुढे आणखी चार पावले अवश्य चालावीत.