हॉब्सनचा घोडा

तीन वर्षांपूर्वी मी प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत उभा होतो. कॉम्प्युटर संपलेलं, ई अँड टीसी संपलेलं. उरली होती फक्त सिव्हिल. घ्या, नाहीतर घरी जा! परतताना मामांनी सांगितलं, याला इंग्रजीत ‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणतात. मला वाटलं, हा हॉब्सन कुणीतरी जुलमी माणूस असणार. पुढे वाचलं, तेव्हा भलताच निघाला.

थॉमस हॉब्सनचा जन्म १५४४ च्या सुमाराचा, म्हणजे शेक्सपिअरपेक्षा वीसेक वर्षांनी मोठा. १५६८ साली वडिलांच्या मृत्युपत्राने त्याला एक गाडी आणि आठ घोडे मिळाले. केंब्रिज ते लंडन, सुमारे शंभर किलोमीटर, तो माल आणि टपाल नेत असे. घोडे रिकामे उभे राहू नयेत म्हणून विद्यापीठातल्या पोरांना तो ते भाड्याने देऊ लागला. तबेल्यात चाळीसेक घोडे झाले.

पण पोरं ती पोरंच! सगळ्यांना तोच वेगवान घोडा हवा. तो बिचारा दमून जायचा आणि बाकीचे नुसता चारा खायचे. मग हॉब्सनने नियम केला, दाराजवळचा घोडा घ्या, नाहीतर चालू लागा. परत आलेला घोडा रांगेत सर्वांत मागे. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत चक्क सर्क्युलर क्यू! नावाला निवड, हातात पर्याय एकच, हा अर्थ इथून रूढ झाला. जुलूम कसला, घोड्यांची काळजी होती ती.

माणूस पैसेवाला झाला, पण गावाला विसरला नाही. केंब्रिजला शुद्ध पाण्याचे हाल होते. १६१० ते १६१४ च्या दरम्यान नाईन वेल्सच्या झऱ्यांपासून गावात पाट आणला गेला. त्याला मदत करणाऱ्यांत हॉब्सन होता, आणि देखभालीसाठी त्याने मृत्युपत्रातही तरतूद केली. तो पाट आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

१६३० मध्ये प्लेगमुळे त्याच्या लंडनच्या फेऱ्या बंद झाल्या. १ जानेवारी १६३१ रोजी तो वारला. तेव्हा केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या मिल्टनने त्याच्यावर दोन कविता लिहिल्या. म्हातारा चालता होता तोवर मृत्यूला सापडला नाही, बसला आणि गेला, अशी त्यातली गंमत.

परवा हायड्रॉलिक्सच्या पेपरात कालव्याचा उतार काढताना मला हॉब्सन आठवला. दाराशी उभा होता तो घोडा मी घेतला, आणि तो बरा पळतोय. आता तक्रार एकच, मेसमधल्या रोजच्या बटाट्याची. रेक्टर सर, हॉब्सनकडे निदान चाळीस घोडे तरी होते हो!

– तृतीय वर्ष, स्थापत्य