शेतातील वाफ्यांपासून अंकीय संकेतांपर्यंत : गणितज्ञ राजचंद्र बोस

दुकानात पैसे चुकते करण्यासाठी क्यूआर संकेतावर मोबाईल धरला की तो क्षणार्धात वाचला जातो. कागद मळलेला असो वा त्यावर ओरखडा उमटलेला असो, काम सहसा अडत नाही. ही नक्षी कशी वाचावी, हे यंत्राला सांगणारी १५ बिटांची एक छोटी ओळ त्या चौकोनातच असते. तिच्यातील ५ बिटे माहितीची आणि १० तपासणीची असतात. त्यांपैकी कोणतीही ३ बिटे चुकली, तरी मूळ ओळ निश्चित करता येते. या पद्धतीला बीसीएच संकेत म्हणतात. त्यातील पहिले अक्षर भारतीय गणितज्ञ राजचंद्र बोस यांचे आहे.

राजचंद्र बोस यांचा जन्म १९ जून १९०१ रोजी मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) येथे झाला. वडील डॉक्टर होते. बालपण रोहतक येथे गेले. मुलाने अभ्यासात सदैव पहिले यावे, असा वडिलांचा आग्रह असे. दिल्लीच्या हिंदू महाविद्यालयात शिक्षण सुरू असतानाच कुटुंबावर आघात झाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली आणि पाठोपाठ वडीलही निवर्तले. धाकट्या भावंडांची जबाबदारी या तरुण विद्यार्थ्यावर आली. शिकवण्या करून त्यांनी घर सांभाळले आणि शिक्षणही सोडले नाही. १९२४ मध्ये त्यांनी उपयोजित गणितात एम.ए. पदवी मिळविली.

तथापि त्यांची ओढ शुद्ध गणिताकडे होती. त्यासाठी ते कलकत्त्यास गेले. तेथे भूमितिज्ञ श्यामादास मुखोपाध्याय यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि १९२७ मध्ये त्यांनी शुद्ध गणितातील दुसरी एम.ए. पदवी संपादन केली. १९३० मध्ये ते आशुतोष महाविद्यालयात अध्यापक झाले. अध्यापनाचा भार मोठा आणि वेतन बेताचे होते. संशोधनासाठी उरे तो केवळ सुट्टीचा वेळ.

संख्याशास्त्राशी परिचय

१९३२ च्या अखेरीस प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बोस यांना भारतीय सांख्यिकी संस्थेत येण्याचे निमंत्रण दिले. ही संस्था तेव्हा नुकतीच स्थापन झाली होती. बोस भूमितीचे अभ्यासक होते. संख्याशास्त्र त्यांना जवळजवळ अपरिचित होते आणि ही अडचण त्यांनी मोकळेपणाने सांगितली. महालनोबिस यांनी त्यांच्या हाती ५० शोधनिबंधांची यादी आणि रोनाल्ड फिशर यांचा ग्रंथ दिला. तिशी ओलांडलेल्या बोस यांनी नव्या विषयाचा प्रारंभ अगदी पहिल्या पायरीपासून केला.

त्या काळी शेतीविषयक प्रयोगांची आखणी हा संख्याशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न होता. बियाण्यांचे वाण, खतांचे प्रकार आणि पाण्याचे प्रमाण यांचा एकत्रित परिणाम तपासावयाचा असतो. परंतु शेताचा कस सर्वत्र सारखा नसतो. कोणत्या वाफ्यात काय पेरावे, याची मांडणी चुकली तर जमिनीतील फरक आणि खताचा परिणाम एकमेकांत मिसळतात. मग वर्षभराच्या श्रमातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

याच सुमारास जर्मनीतील नाझी राजवटीमुळे पद गमवावे लागलेले गणितज्ञ फ्रीडरिश लेव्ही कलकत्ता विद्यापीठात आले होते. त्यांच्यामुळे कलकत्त्यात आधुनिक बीजगणिताचा परिचय वाढला. मर्यादित संख्यांचे अंकगणित, म्हणजेच गाल्वा क्षेत्रे, बोस यांनी आत्मसात केली. १९३८ आणि १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी प्रयोगांच्या आखणीला भक्कम गणिती पाया दिला. तोवर ज्या मांडण्या अटकळीने व चिकाटीने शोधाव्या लागत, त्या आता नियमाने रचता येऊ लागल्या.

१९४७ च्या एका दीर्घ निबंधात त्यांनी हाच प्रश्न भूमितीच्या भाषेत मांडला. मर्यादित बिंदूंच्या अवकाशातून अधिकाधिक बिंदू असे निवडावयाचे, की त्यांतील कोणताही लहान गट परस्परावलंबी असू नये. पुढे याच प्रश्नाने त्यांना शेताच्या बांधावरून थेट अंकीय संदेशांपर्यंत नेले.

देशांतराचा निर्णय

१९४५ मध्ये बोस कलकत्ता विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. पद मानाचे होते, परंतु त्यासोबत प्रशासकीय कामांचा व्यापही आला. १९४९ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्राध्यापकपद स्वीकारून ते चॅपेल हिल येथे स्थायिक झाले. स्वतंत्र भारतात संख्याशास्त्राची उभारणी सुरू असताना तिचा एक आधारस्तंभ परदेशी गेला. संस्थेची ही हानीच होती. मात्र संशोधनासाठी त्यांना हवा असलेला निवांतपणा तेथे मिळाला आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वाधिक गाजलेले कार्य वयाच्या ५८ व्या वर्षी घडले.

स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक तर्क मांडला होता. सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी चौरसात असे उभे करता येतील काय, की प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच येईल? हे अशक्य असावे आणि १०, १४, १८ अशा आकारांच्या चौरसांतही अशक्य असावे, असे ऑयलर यांचे मत होते. सहाच्या बाबतीत ते खरे ठरले. उरलेल्या आकारांबाबतचा तर्क मात्र १९५९ मध्ये बोस, त्यांचे शिष्य शरदचंद्र शंकर श्रीखंडे आणि अमेरिकी गणितज्ञ अर्नेस्ट पार्कर यांनी खोटा ठरविला. न्यूयॉर्क टाइम्सने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर छापली. नागपुरात शिकलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तपासणीच्या बिटांचे गणित

अंकीय यंत्रात प्रत्येक माहिती शून्य व एक या चिन्हांत साठविली जाते. तारेतील गोंगाटामुळे किंवा स्मृतिपटलातील दोषामुळे एखादे चिन्ह उलटले, तर सारा हिशेब चुकू शकतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये एक चूक शोधून दुरुस्त करणारा संकेत प्रसिद्ध केला होता. एकाहून अधिक चुका ठरावीक नियमाने दुरुस्त करणाऱ्या अधिक व्यापक पद्धतीची गरज मात्र होती.

बोस यांनी जुना प्रश्न येथे ओळखला. तपासणीच्या कोष्टकातील प्रत्येक स्तंभ हा एक बिंदू मानला आणि त्यांतील कोणताही लहान गट परस्परावलंबी नसला, तर मोजक्या चुका एकमेकींना झाकू शकत नाहीत. खतांचे परिणाम वेगळे ठेवणारी मांडणीच चुकांचे ठसे वेगळे ठेवणार होती. शिष्य द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांच्यासह त्यांनी १९६० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. फ्रान्समधील अलेक्सी ओकेंगेम यांनी स्वतंत्रपणे हाच शोध १९५९ मध्ये मांडला होता. म्हणून संकेताच्या नावात तिघांचीही आद्याक्षरे आली.

या संकेतांचे विशेष म्हणजे ते यंत्रात उतरविणे सोपे होते. ७ बिटांच्या माहितीला ८ तपासणी बिटे जोडून २ चुका दुरुस्त करणारा १५ बिटांचा संकेत घेतला, तर तो तयार करण्यासाठी ८ फ्लिप-फ्लॉप आणि ४ एक्स-ऑर गेट पुरतात. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला माहितीचे एक बिट बाहेर जाते आणि त्याच वेळी या साखळीत, म्हणजे शिफ्ट रजिस्टरमध्ये, भागाकार चालू राहतो. सात ठोक्यांनंतर साखळीत उरलेली बाकी हीच तपासणीची ८ बिटे असतात. ती पुढील आठ ठोक्यांत माहितीमागोमाग पाठविली जातात. या अंकगणितातील बेरजेत हातचा येत नसल्यामुळे ती एका एक्स-ऑर गेटने होते आणि मंडल लहान व वेगवान राहते.

दुरुस्तीचे काम अधिक अवघड असते. आलेल्या संदेशावरून प्रथम चुकांचा ठसा काढावा लागतो. ठसा शून्य असेल, तर संदेश निर्दोष मानला जातो. अन्यथा त्या ठशावरून एक समीकरण तयार होते आणि त्याची उत्तरे चुकीच्या बिटांचे स्थान दाखवितात. स्थान कळले की ते बिट उलटवणे एवढेच काम उरते. वेस्ली पीटरसन यांनी १९६० मध्ये याची पहिली रीत दिली. १९६४ मध्ये रॉबर्ट चिएन यांनी प्रत्येक स्थान क्रमाने तपासणारी, मंडलात सहज बसणारी रीत मांडली. त्या दशकाच्या अखेरीस एल्विन बर्लेकॅम्प व जेम्स मॅसी यांच्या कार्यामुळे समीकरण तयार करण्याचा वेगही वाढला.

ध्वनितबकड्यांत वापरलेले रीड-सॉलोमन संकेत हे याच कुळातील आहेत. उपग्रह दूरचित्रवाणीच्या डीव्हीबी-एस२ या प्रमाणपद्धतीत आणि फ्लॅश स्मृतीच्या अनेक नियंत्रकांतही बीसीएच संकेतांना स्थान मिळाले.

अखेरची वर्षे

१९७१ मध्ये चॅपेल हिल येथून निवृत्त झाल्यावर बोस यांनी कोलोरॅडो राज्य विद्यापीठात अध्यापन सुरू केले आणि ते १९८० पर्यंत तेथे कार्यरत राहिले. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी फोर्ट कॉलिन्स येथे त्यांचे निधन झाले.

बोस यांनी कोणतेही यंत्र बनविले नाही. भूमितीच्या ओढीने कलकत्त्यास आलेल्या आणि परिस्थितीमुळे संख्याशास्त्राकडे वळलेल्या या गणितज्ञाने आपला मूळ विषय कधीच सोडला नाही. प्रत्येक नव्या प्रश्नात त्यांनी भूमितीच शोधली. शेतातील पिकांसाठी रचलेले त्यांचे गणित आज हातातील मोबाईलमध्ये निमूटपणे चुका दुरुस्त करीत असते.