जे. आर. डी. टाटा

मोठ्या कार्याचा डोलारा पुष्कळदां अगदीं लहान वस्तूवर उभा असतो. हिंदी विमानवाहतुकीचे जनक जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचें चरित्र वाचतांना या गोष्टीची वारंवार आठवण होते.

त्यांचा जन्म ता. २९ जुलै १९०४ रोजीं पॅरिस येथें झाला. त्यांच्या मातोश्री फ्रेंच होत्या. इंग्लिश खाडी विमानानें प्रथम ओलांडणारा ब्लेरिओ हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर त्यांचा शेजारी होता. तेथेंच या बालकास विमानाची गोडी लागली. ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेला तो पहिलाच परवाना होय.

हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील प्रवास एकट्यानें करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठीं आगाखान यांनीं बक्षीस लाविलें. टाटा कराचीहून निघाले. ॲस्पी इंजिनियर हा तरुण इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्यें अबूकीर येथें दोघांची गांठ पडली. ॲस्पी स्पार्क प्लगांवांचून अडून बसला होता. भलतेच प्लग बसवून पुढें उडणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण! टाटांनीं आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्यास दिले, आणि ॲस्पीनेंच बक्षीस जिंकलें.

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं टाटांनीं पुस मॉथ नांवाच्या लहानशा विमानांतून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानापर्यंत उड्डाण केलें. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आणले गेले होते. याच जातीचीं कांहीं विमानें त्या सुमारास निरनिराळ्या देशांत आकाशांतच पंख मोडून कोसळलीं होतीं. तज्ज्ञांनीं चांचण्या घेऊन दोष शोधला, व पंखाच्या टेकूस एक लहानसा आधार जोडण्यांत आला. एवढ्याशा दांड्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते!

म्हणूनच विमानाच्या दुरुस्तींत मनास येईल तो खिळा वा तेल चालत नाहीं. आपल्या नवीन जालन्यांत बियाण्याच्या पिशवीवर जशी चिठ्ठी व लॉट नंबर असतो, तसाच विमानाच्या सुट्या भागाबरोबर मंजुरीचा दाखला असावा लागतो. कोणता भाग केव्हां बसविला, तो किती तास उडाला, हें सर्व वहींत नोंदवून जबाबदार इंजिनियर सही करतो. एका विमानांत दोष आढळला, तर या नोंदींवरून तसाच भाग असलेलीं इतर विमानें हुडकून काढतां येतात. नोंदच नसेल, तर पुढच्या अपघाताची वाट पाहणें तेवढें हातीं उरतें.

टाटा हे शिक्षणानें इंजिनियर नव्हते. पण नोंदीची ही शिस्त त्यांनीं स्वतःस लावून घेतली होती. १९५३ सालीं विमानकंपन्या सरकारी झाल्यावरही १९७८ पर्यंत ते एअर इंडियाचे अध्यक्ष होते. प्रवास करतांना जें जें उणें दिसे, मग तो मळका पडदा असो वा बेचव चहा, तें तें टिपून ते अधिकाऱ्यांस लेखी कळवीत. १९९२ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ता. २९ नोव्हेंबर १९९३ रोजीं जिनिव्हा येथें त्यांनीं देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगवहींत न केलेल्या प्रयोगाचें उत्तर लिहून ठेवण्याचा मोह आपणां सर्वांस होतो. उद्यां आपल्यापैकीं कोणी विमानाच्या वहींत सही करील. ती सही खरी असेल, एवढ्याच विश्वासावर परक्या गांवचीं, परक्या घरचीं माणसें निश्चिंतपणें आकाशांत जाऊन बसलेलीं असतील.