विश्लेषण : सुदानच्या फौजेसाठी अरबी शिकले, पण अरबांच्या विरोधात उभे राहिले... कोण होते ऑर्ड विंगेट?

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी सैन्याच्या पिछाडीला घुसलेल्या 'चिंडिट' तुकड्यांचे सेनानी म्हणून मेजर जनरल ऑर्ड विंगेट यांचे नाव घेतले जाते. त्यांचा जन्म नैनितालचा आणि मृत्यू मणिपूरच्या डोंगरात. या दोन ठिकाणांच्या मधले त्यांचे आयुष्य मात्र मुख्यत्वे सुदान, पॅलेस्टाइन आणि इथिओपियात घडले. त्याची सुरुवात १९२६ मध्ये लंडनच्या एका वर्गात झाली, जिथे हा तरुण तोफखाना अधिकारी अरबी शिकायला बसला होता. फौजेतील बढतीसाठी शिकलेल्या या भाषेने त्यांना कुठे नेले आणि ती शिकूनही ते अरबांच्या विरोधात कसे गेले, याविषयी...

विंगेट यांचे भारताशी नाते काय?

ऑर्ड चार्ल्स विंगेट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी नैनिताल येथे झाला. वडील जॉर्ज विंगेट ब्रिटिश भारतीय सैन्यात अधिकारी होते. 'प्लिमथ ब्रदरेन' या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे हे कुटुंब. घरात बायबलचे, त्यातही जुन्या कराराचे वाचन आणि पाठांतर रोजचेच होते. पुढील आयुष्यात हे संस्कार फार महत्त्वाचे ठरले. कुटुंब लवकरच इंग्लंडला परतले. विंगेट यांचे शालेय शिक्षण तिथे झाले आणि १९२१ मध्ये ते वूलिच येथील लष्करी अकादमीत दाखल झाले. १९२३ मध्ये त्यांना तोफखान्यात कमिशन मिळाले.

पहिले महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती. सैन्य कमी केले जात होते आणि बढत्या रखडल्या होत्या. तरुण अधिकाऱ्याकडे घोडेस्वारी, शिकार आणि छावणीतील रटाळ दिनक्रम एवढेच होते. घोडेस्वारीत विंगेट यांनी नाव कमावले, पण पुढचा रस्ता दिसत नव्हता.

मग अरबीच का?

या प्रश्नाचे उत्तर नात्यात आहे. विंगेट यांच्या वडिलांचे चुलतभाऊ सर रेजिनाल्ड विंगेट हे १८९९ ते १९१६ या काळात सुदानचे गव्हर्नर जनरल आणि नंतर इजिप्तमध्ये ब्रिटनचे हाय कमिशनर होते. त्याआधी त्यांनी इजिप्शियन सैन्याचा गुप्तवार्ता विभाग सांभाळला होता आणि ते स्वतः अरबी जाणत. पश्चिम आशियात आणि सुदानमध्ये संधी आहे, पण त्यासाठी भाषा आली पाहिजे, हे त्यांनी तरुण ऑर्ड यांच्या मनावर बिंबवले.

सल्ल्यामागे व्यवहार होता. नोव्हेंबर १९२४ मध्ये सुदानचे गव्हर्नर जनरल सर ली स्टॅक यांची कैरोत हत्या झाली. त्यानंतर ब्रिटिशांनी इजिप्शियन पलटणी सुदानमधून हलवल्या आणि १९२५ मध्ये 'सुदान डिफेन्स फोर्स' ही नवी फौज उभारली. शिपाई सुदानी, वरिष्ठ अधिकारी मुख्यत्वे ब्रिटिश सैन्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले. शिपायांशी रोजचा व्यवहार अरबीत होई. मायदेशात लेफ्टनंट असलेल्या अधिकाऱ्याला तिथे कमी वयात मोठी जबाबदारी मिळू शकत असे. म्हणजे अरबी ही बढतीची शिडी होती.

अरबीचा अभ्यास कसा झाला?

विंगेट यांनी रीतसर अर्ज केला आणि लंडनच्या 'स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीज'मध्ये प्रवेश मिळवला. आज 'सोआस' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली. साम्राज्यात नोकरीला जाणाऱ्यांना तिथल्या भाषा शिकवणे हा तिचा एक मोठा उद्देश होता. त्या काळात तिथे अरबीचे प्राध्यापक होते सर थॉमस अर्नोल्ड. अलीगढ आणि लाहोरला अध्यापन केलेले, कवी इक्बाल यांचे गुरू म्हणून भारतात परिचित असलेले हेच ते अर्नोल्ड.

ऑक्टोबर १९२६ ते मार्च १९२७ असा हा अभ्यासक्रम होता. विंगेट ८५ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाले.

सहा महिन्यांत अरबी येते का?

व्याकरणाचा पाया घालता येतो, बोलीवर हुकमत येत नाही. अरबीची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. अक्षरे २८, पण शब्दात पुढे, मध्ये की शेवटी यानुसार बहुतेकांचे रूप बदलते. ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. त्यामुळे शब्द आधी माहीत नसेल तर तो नेमका कसा वाचायचा, हेच कळत नाही.

मात्र या भाषेत एक गणिती शिस्त आहे. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून तयार होतात. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. ह-क-म या धातूपासून आलेले हुकूम, हकीम, हुकमत हे शब्द फारसीमार्गे आपल्याकडेही रुळले. फौज, हिशेब, वकील हेही मूळ अरबीच. धातू आणि साचे एकदा डोक्यात बसले की शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो.

खरी अडचण पुस्तकाबाहेर येते. लिखित अरबी आणि बोलीभाषा यांत मोठे अंतर आहे. 'माणूस' यासाठी लिखित अरबीत 'रजुल', सुदानमध्ये 'झोल', तर पॅलेस्टाइनमध्ये 'झलमे'. प्रमाण मराठीचा पेपर देऊन थेट धुळ्याच्या बाजारात अहिराणी ऐकायला उभे राहावे, तसा हा प्रकार. लंडनला जे शिकता येणे शक्य होते ते विंगेट शिकले. बाकीचे सुदानी शिपायांकडून शिकायचे होते.

सुदानपर्यंतचा प्रवास कसा झाला?

जून १९२७ मध्ये विंगेट यांनी सहा महिन्यांची रजा मिळवली. सामान पुढे पाठवून दिले आणि सप्टेंबरमध्ये ते चक्क सायकलवरून निघाले. फ्रान्स, जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया करत ते इटलीतील जिनोआ बंदरात पोहोचले. तिथून जहाजाने इजिप्त आणि कैरोहून खार्टुम. एप्रिल १९२८ मध्ये त्यांचा बदलीचा अर्ज मंजूर झाला आणि 'ईस्ट अरब कोअर'मध्ये नेमणूक झाली.

रोसेरेस आणि गल्लाबात हा इथिओपियाच्या सीमेवरील मुलूख त्यांच्या वाट्याला आला. गुलामांचा व्यापार करणारे आणि हस्तिदंतासाठी हत्ती मारणारे यांना पकडणे हे काम होते. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी गस्त घालण्याची रीत विंगेट यांनी बदलली आणि दबा धरून बसण्यावर भर दिला. कोणती टोळी कुठून येणार, पाणी कुठे आहे, वाटाड्या खरे सांगतो की नाही, हे कळल्याशिवाय अशा दब्याला अर्थ नसतो. तेथे भाषा हे शस्त्राइतकेच आवश्यक साधन होते.

१९३० मध्ये त्यांच्याकडे सुमारे ३०० शिपायांच्या कंपनीची सूत्रे आली. हुद्दा होता 'बिंबाशी'. हा तुर्की शब्द, मूळ अर्थ हजारांचा प्रमुख. सुदानच्या फौजेत तो मेजरच्या बरोबरीचा मानला जाई. मायदेशात यासाठी त्यांना आणखी बरीच वर्षे थांबावे लागले असते. अरबीवर घेतलेल्या सहा महिन्यांच्या मेहनतीचे पहिले फळ हाती आले होते.

सुदानमधील सेवाकाळाच्या शेवटी, १९३३ मध्ये, ते उंटांचा तांडा घेऊन लिबियाच्या वाळवंटात 'झरझुरा' या दंतकथेतील हरवलेल्या मरूद्यानाच्या शोधात गेले. ते सापडले नाही. पण मोजक्या अन्नपाण्यावर माणसे किती चालू शकतात, याचा अनुभव गाठीशी आला.

पॅलेस्टाइनमध्ये नेमके काय घडले?

एप्रिल १९३६ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातील पॅलेस्टाइनमध्ये अरबांचे बंड सुरू झाले. ब्रिटिश राजवटीला आणि वाढत्या ज्यू स्थलांतराला त्यांचा विरोध होता. अशा वेळी अरबी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची गरज होती. सप्टेंबर १९३६ मध्ये विंगेट तिथे दाखल झाले आणि गुप्तवार्ता अधिकारी म्हणून काम करू लागले.

अरबी शिकलेला, सुदानमध्ये अरबी बोलणाऱ्या शिपायांसोबत वर्षे काढलेला हा अधिकारी अरबांचे म्हणणे समजून घेईल, अशी अपेक्षा कुणीही केली असती. तत्कालीन ब्रिटिश अधिकारीवर्गात अरबांविषयी सहानुभूती असणारेही बरेच होते. विंगेट मात्र काही महिन्यांतच ज्यू राष्ट्राचे कट्टर समर्थक झाले. लहानपणापासून पाठ असलेल्या जुन्या करारातील भूमी आता नकाशावर समोर होती. त्यांनी हिब्रू शिकायला घेतली. अरबी आणि हिब्रू या एकाच सेमिटिक कुळातल्या भाषा. धातूंची पद्धत तीच, अनेक शब्दही जवळचे. अरबीतील 'सलाम' म्हणजे हिब्रूतील 'शालोम'. एका भाषेसाठी केलेला अभ्यास दुसरीच्या कामी येऊ शकतो.

१९३८ मध्ये विंगेट यांनी 'स्पेशल नाइट स्क्वॉड्स' ही ब्रिटिश सैनिक आणि ज्यू स्वयंसेवकांची संयुक्त दले उभारली. एन हरोद हे त्यांचे केंद्र. इराकमधील किर्कुकहून हैफाकडे येणारी तेलवाहिनी बंडखोर वारंवार फोडत. तिचे रक्षण हे पहिले काम. रात्री बाहेर पडायचे, दबा धरायचा, गावांवर अचानक छापे टाकायचे. सुदानच्या सीमेवर वापरलेली पद्धत इथे अधिक आक्रमक रूपात आली.

या कारवायांसाठी विंगेट यांना शौर्यपदक मिळाले. पण याच दलांनी अरब गावकऱ्यांना मारहाण केल्याच्या, साऱ्या गावाला शिक्षा दिल्याच्या आणि काही प्रसंगी लोकांना ठार मारल्याच्या नोंदी इतिहास-संशोधकांनी पुढे आणल्या आहेत. ज्यांची भाषा विंगेट यांनी कष्टाने शिकली होती, त्याच भाषेतल्या गावांवर हे छापे पडत होते. भाषा आली म्हणजे त्या समाजाविषयी आपुलकी येतेच असे नाही, याचे हे ठळक उदाहरण. गुप्तवार्ता अधिकाऱ्याला भाषा माहिती काढण्यासाठी लागते. ती माहिती कोणासाठी वापरायची, हे त्याची निष्ठा ठरवते.

ज्यू नेतृत्वाशी असलेली उघड जवळीक वरिष्ठांनाही खुपू लागली. मे १९३९ मध्ये त्यांना ब्रिटनला परत पाठवण्यात आले.

पुन्हा सुदान कसे आले?

महायुद्ध सुरू झाल्यावर पॅलेस्टाइनमधील त्यांचे जुने सेनापती जनरल वेव्हेल यांना विंगेट यांची आठवण झाली. इटलीने १९३६ मध्ये बळकावलेला इथिओपिया सोडवायचा होता आणि मोहिमेचा तळ होता खार्टुम. विंगेट यांनी 'गिडियन फोर्स' उभारली. तिच्यात इथिओपियन सैनिकांबरोबर सुदान डिफेन्स फोर्सची फ्रंटियर बटालियन होती. म्हणजे ज्या फौजेसाठी ते १९२६ मध्ये अरबी शिकले, तिचेच शिपाई पुन्हा त्यांच्या हाताखाली आले.

सम्राट हेले सेलासी यांनी २० जानेवारी १९४१ रोजी सीमा ओलांडून मायदेशात पाऊल ठेवले. हजारो उंटांवर रसद लादून निघालेल्या या छोट्या फौजेने स्वतःहून कितीतरी मोठ्या इटालियन सैन्याला मागे रेटले. डोंगराळ चढणीवर उंट मोठ्या संख्येने मेले, पण मोहीम थांबली नाही. ५ मे १९४१ रोजी सम्राट राजधानी आदिस अबाबात परतले. मोहिमेनंतर मलेरिया आणि तीव्र नैराश्याने विंगेट खचले. कैरोत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले.

भारतात भाषेचा प्रश्न आला का?

आला, आणि उलट्या बाजूने. वेव्हेल भारताचे सरसेनापती झाल्यावर त्यांनी १९४२ मध्ये विंगेट यांना बोलावून घेतले. मध्य भारतात सागर परिसरातील जंगलात ७७ व्या ब्रिगेडचे प्रशिक्षण झाले. ब्रह्मी देवळांच्या दारातील 'चिंथे' या सिंहमूर्तीवरून 'चिंडिट' हे नाव आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३ हजार सैनिक चिंदविन नदी ओलांडून गेले. जवळपास २,२०० परतले आणि त्यातील शेकडो पुन्हा लढण्याच्या स्थितीत नव्हते.

सुदानमध्ये शिपायांच्या भाषेत बोलणाऱ्या विंगेट यांना इथे इतरांवर अवलंबून राहावे लागले. ब्रह्मदेशातील गावांशी संपर्काचे काम बर्मा रायफल्सच्या करेन, काचिन, चिन सैनिकांनी केले. विंगेट यांनी गुरख्यांची रीत समजून घेतली नाही, अशी टीका गुरखा पलटणींच्या अधिकाऱ्यांनी नंतर केली.

मार्च १९४४ मधील दुसऱ्या मोहिमेत सुमारे ९ हजार सैनिक विमाने आणि ग्लायडरने शत्रूच्या मागे उतरवले गेले. ती सुरू असतानाच, २४ मार्च १९४४ रोजी, इम्फाळहून लालाघाटकडे निघालेले विंगेट यांचे विमान मणिपूरमध्ये बिष्णुपूरजवळच्या डोंगरात कोसळले. त्यांचे वय ४१ होते. विमानातील अमेरिकनांचे आणि त्यांचे अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत. त्यामुळे १९५० मध्ये सर्वांचे एकत्रित दफन अमेरिकेतील आर्लिंग्टन येथे करण्यात आले.

आज त्यांची आठवण कुठे?

इस्रायलमध्ये नेतान्याजवळची राष्ट्रीय क्रीडा संस्था त्यांच्या नावाने आहे. नाइट स्क्वॉड्समध्ये तयार झालेल्यांपैकी मोशे दायान पुढे इस्रायलचे लष्करप्रमुख झाले. आदिस अबाबात जनरल विंगेट यांच्या नावाची शाळा आहे. पॅलेस्टिनी अरबांच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव येते ते रात्रीच्या छाप्यांच्या संदर्भात.